‘द एक्झॉर्सिस्ट’ पुन्हा काढायचाच असेल, तर…

२०२१ साली युनिव्हर्सल स्टुडिओ आणि त्यांचीच पीकॉक ही ओटीटी सेवा यांनी मिळून ‘द एक्झॉर्सिस्ट’ या गाजलेल्या अमेरिकी भयपटाच्या नावावर तीन नवे चित्रपट काढण्याचा करार केला. हा व्यवहार चाळीस कोटी डॉलरच्या वर गेल्याचं तेव्हा छापून आलं होतं. १९७३ सालचा मूळ चित्रपट साधारण सव्वा कोटी डॉलरमध्ये झाला होता. पन्नास वर्षांची महागाई जमेला धरली तरी दोन आकड्यांमधली दरी बुजत नाही. तिघांपैकी पहिला चित्रपट, ‘द एक्झॉर्सिस्ट : बिलीव्हर’, ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. जगभरातून साडेतेरा कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमला, समीक्षकांनी झोडपला, प्रेक्षक हिरमुसले. दुसऱ्या भागाची एप्रिल २०२५ ही तारीख जाहीर झाली होती, ती मागे घेतली गेली. दिग्दर्शक डेव्हिड गॉर्डन ग्रीन बाजूला झाले. २०२४ मध्ये भयपटांचे दिग्दर्शक माइक फ्लॅनगन यांच्याकडे सूत्रं गेली आणि आपण ‘बिलीव्हर’चा पुढचा भाग काढणार नाही, वेगळ्याच वाटेने जाणार, असं त्यांनी सांगितलं.

म्हणजे प्रश्न पुन्हा पटावर आला आहे. जुन्या, गाजलेल्या भयपटाला इतक्या वर्षांनी नवा सिक्वेल काढावा का?

माझी काढायला हरकत नाही. ‘मूळ कलाकृतीला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांतला मी नाही. भुताच्या गोष्टी पहिल्यापासून पुन्हा पुन्हा सांगितल्या गेल्या म्हणूनच टिकल्या. माझं भांडण वेगळं आहे. ‘द एक्झॉर्सिस्ट’ ज्या गोष्टीमुळे भयंकर वाटला ती गोष्ट पुढच्या जवळपास प्रत्येक भागाने काढून टाकली आणि उरलेला भूत उतरवण्याचा विधी तेवढा उचलला. ती गोष्ट म्हणजे शंका. भूतबाधा खरी आहे का, याबद्दल त्या चित्रपटातल्या माणसांना वाटणारी शंका. ती काढल्यावर चित्रपट भीतीदायक राहत नाही, हे एक. आणि तो बेजबाबदार होतो, हे दुसरं. या दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या आहेत, असं माझं मत आहे.

मूळ चित्रपट ज्यांना फक्त मान गरगर फिरणं आणि हिरवी उलटी यासाठी आठवतो, त्यांनी तो पुन्हा बघावा. रीगन ही बारा वर्षांची मुलगी. आई ख्रिस मॅकनील नटी, देवधर्म न मानणारी. पोरीचं वागणं बिघडतं तेव्हा आई पाद्र्याकडे जात नाही, डॉक्टरकडे जाते. डॉक्टर आधी नुसतं चंचलपणाचं औषध लिहून देतो. मग मेंदूत काही आहे का याचा शोध सुरू होतो. आणि मग ते दृश्य येतं, जे माझ्या मते या चित्रपटातलं सगळ्यांत अंगावर येणारं दृश्य आहे, आणि त्यात सैतानाचा काडीचाही संबंध नाही. रीगनला टेबलावर पट्ट्यांनी बांधून ठेवलंय. मानेवर जंतुनाशक फासतात, सुई धमनीत घालतात, रक्ताची चिळकांडी उडते. मग यंत्र धाडधाड आवाज करत एकामागून एक चित्रं काढायला लागतं. डॉक्टर, तंत्रज्ञ सगळे आपापल्या कामात, शांत. त्यांच्यात कोणी दुष्ट नाही. ‘जरा टोचेल’ अशा थाटात सगळं चाललेलं असतं. त्या काळी थिएटरमध्ये माणसं चक्कर येऊन पडली त्यातली बरीचशी याच दृश्यात पडली असं सांगतात, आणि मला ते सहज पटतं. कारण पोटच्या पोरीला असं टेबलावर बघण्याची वेळ कुठल्याही आईवर येऊ शकते.

तपासण्यांत काही निघत नाही. मानसोपचारतज्ज्ञही हात टेकतात. शेवटी डॉक्टरांच्या बैठकीतच कोणीतरी भूत उतरवण्याच्या विधीचं नाव काढतो, तेसुद्धा रुग्णाचा त्यावर विश्वास असेल तर मनावर परिणाम होऊन गुण येतो, एवढ्याच अर्थाने. आता फादर कॅरस. हा जेझुइट, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या एका संघाचा पाद्री स्वतःच मानसोपचारतज्ज्ञ आहे. त्याची स्वतःची श्रद्धा डळमळलेली, आई एकटी मेल्याची सल मनात. रीगनला तो पहिल्यांदा भेटतो ते डॉक्टर म्हणूनच. चर्चची परवानगी मागायची तर पुरावा लागतो, म्हणून तो पुरावा जमवायला बसतो, आणि पुरावा उलटाच निघतो. पवित्र जल म्हणून तो तिच्या अंगावर पाणी शिंपडतो, ती किंचाळते, तडफडते. ते पाणी साधं नळाचं असतं. हा प्रसंग पटकथेत नसता तरी गोष्ट अडली नसती. पण मूळ कादंबरीकार आणि पटकथाकार विल्यम पीटर ब्लॅटी यांनी तो ठेवला, कारण त्यांना माणसाला फशी पाडायचं नव्हतं. ते जॉर्जटाउन या जेझुइट विद्यापीठात शिकत असताना १९४९ सालच्या, भूतबाधा झाल्याचं म्हटलं गेलेल्या एका मुलाची हकिगत त्यांच्या कानावर आली होती. त्या हकिगतीने त्यांना वीसेक वर्षं सोडलं नाही. मधल्या काळात ते विनोदी चित्रपट लिहीत होते. १९७१ साली कादंबरी आली. ब्लॅटी श्रद्धाळू कॅथलिक होते, आणि म्हणूनच शंकेला त्यांनी पूर्ण वाव दिला. ज्याची श्रद्धा पक्की असते त्याला शंकेची भीती वाटत नाही.

दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन माहितीपटांतून आलेले. त्यांनी त्या मुलीच्या खोलीचा सेट बर्फासारखा गार करून घेतला, म्हणजे नटांच्या तोंडून निघणारी वाफ खरी दिसेल. बाकी सगळीकडेही त्यांची नजर बातमीदाराची होती. एका घरात काय घडलं ते बघून आलोय, एवढंच सांगावं तसं ते सांगतात.

म्हणूनच या चित्रपटाची भीती त्या काळाला जाऊन भिडली. व्हिएतनामच्या युद्धाने पोळलेला, वॉटरगेट प्रकरणाने सरकारवरचा विश्वास उडालेला तो अमेरिकन समाज. आपलं मूल आपल्याला ओळखू येईनासं झालंय, त्याच्या तोंडची भाषा आपली राहिलेली नाही, हे तिथल्या हजारो घरांत वाटत होतं. डॉक्टर, पोलीस, पाद्री, कोणाकडे गेलं तरी खात्रीचं उत्तर नाही. चित्रपटाने तेच दार ठोठावलं.

आता पुढचे भाग घ्या. १९७७ सालच्या दुसऱ्या भागात दोन माणसांना एकाच वेळी संमोहित करणारं एक यंत्र आलं, आफ्रिकेतले टोळ आले, आणि सगळं इतकं भव्य झालं की घर, आई, खोली काहीच उरलं नाही. त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

१९९० च्या तिसऱ्या भागावर मात्र बोललं पाहिजे, कारण सिक्वेल कसा असावा आणि त्याचं काय केलं जातं, हे दोन्ही त्या एकाच चित्रपटात दिसतं. तो खुद्द ब्लॅटी यांनी लिहिला आणि दिग्दर्शित केला, स्वतःच्या १९८३ सालच्या ‘लीजन’ या कादंबरीवरून. रीगनची गोष्टच त्यात नाही. एक म्हातारा, थकलेला पोलीस अधिकारी आहे, जॉर्ज सी. स्कॉट यांनी केलेला. त्याला पडलेला प्रश्न असा : जगात इतकी वेदना असताना देव चांगला कसा? त्यातला रुग्णालयाच्या व्हरांड्यातला प्रसंग भयपटांच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. कॅमेरा व्हरांड्याच्या टोकाला लावून ठेवलाय, हलत नाही. रात्रपाळीची नर्स खोल्यांमधून येते-जाते, पहारेकरी फिरतो, बर्फ तडकल्याचा आवाज होतो, काहीच घडत नाही. बराच वेळ काहीच घडत नाही. आणि मग क्षणभरात घडतं. संगीताचा धक्का त्या एका क्षणापुरता. त्याआधीची सगळी मिनिटं नुसत्या वाट बघण्याची. पैसा ओतून हा प्रसंग याहून चांगला झाला नसता.

पण निर्मिती संस्थेला नावात ‘एक्झॉर्सिस्ट’ हवं होतं, आणि नावात आहे तर शेवटी विधी हवाच, असा हट्ट झाला. चित्रीकरण संपल्यावर एक नवा पाद्री आणून शेवट पुन्हा शूट करायला लावला. बघताना कळतं की हा माणूस या गोष्टीतला नाही. याच निर्मिती संस्थेने पुढे २००४-०५ मध्ये याहून अजब प्रकार केला. पॉल श्रेडर यांच्याकडून मूळ चित्रपटातले वयस्क पाद्री फादर मेरिन यांच्या तरुणपणाची गोष्ट शूट करून घेतली, ती पुरेशी रक्तबंबाळ नाही म्हणून बाजूला ठेवली, दुसरे दिग्दर्शक रेनी हार्लिन यांना आणून जवळपास सगळा चित्रपट नव्याने काढला, तो आपटला, आणि मग श्रेडर यांचाही प्रदर्शित केला. नायक दोन्हींत तोच, स्टेलन स्कार्सगार्ड. एका मनुष्याच्या श्रद्धेचा ऱ्हास दाखवणारा चित्रपट हातात असताना त्याला ‘यात काहीच घडत नाही’ म्हणणं, ही चूक कितीदा करायची?

या सगळ्यावर कोणी म्हणेल, मग ‘हॅलोवीन’चं काय? तिथे तर जुन्या भयपटाला नवा सिक्वेल जोडण्याचा उपाय लागू पडला. खरं आहे, आणि तिथेच मुद्दा आहे. जॉन कारपेंटर यांचा १९७८ चा ‘हॅलोवीन’ तीन-सव्वातीन लाख डॉलरमध्ये, वीसेक दिवसांत शूट झाला. खुन्याचा तो प्रसिद्ध मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारातला स्वस्त मुखवटा, पांढऱ्या रंगाने फासलेला. शूटिंग वसंतात होतं, गोष्ट पानगळीच्या दिवसांतली, म्हणून वाळकी पानं रंगवून रस्त्यावर टाकायची आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या गल्लीत न्यायची. संगीत कारपेंटर यांनी स्वतःच केलं. पुढे नऊ भाग आणि पुनर्निर्मिती झाल्या, नायिका खुन्याची बहीण झाली, मग मेली, मग पुन्हा वेगळं काही. २०१८ साली डेव्हिड गॉर्डन ग्रीन आणि ब्लमहाउस ही निर्मिती कंपनी यांनी मधलं सगळं पुसून टाकलं, फक्त पहिला भाग घडला असं मानलं, साठीच्या घरातल्या जेमी ली कर्टिस यांना परत आणलं, आणि सुमारे एक कोटी डॉलरच्या चित्रपटाने पंचवीस कोटींहून जास्त मिळवले. याच यशावर ‘द एक्झॉर्सिस्ट’चा तो चाळीस कोटींचा सौदा उभा राहिला. तोच दिग्दर्शक, तीच कंपनी, तीच युक्ती : मधले भाग विसरा, जुनी नटी परत आणा, तिच्या जखमेबद्दल बोला.

पण हे दोन चित्रपट मुळात एका जातीचे नाहीत. ‘हॅलोवीन’ हा लपंडाव आहे. एक मुखवटा, एक सुरी, एक रस्ता, अंधारात कोण कुठे उभं आहे हे शोधायचं. लपंडाव पन्नास वर्षांनीही खेळता येतो, खेळणारे बदलले तरी मजा तीच. ‘द एक्झॉर्सिस्ट’ हा वाद आहे, स्वतःशीच घातलेला. नवं काही म्हणायचं नसेल तर तो वाद पुन्हा घालता येत नाही.

‘बिलीव्हर’मध्ये नेमकं हेच दिसतं. सुरुवात चांगली आहे, हे मान्य केलं पाहिजे. हैतीच्या भूकंपात बायको गमावलेला बाप, त्याने एकट्याने वाढवलेली मुलगी, मैत्रिणीबरोबर जंगलात जाऊन तीन दिवस गायब झालेली. लेस्ली ओडम ज्युनियर यांचा चेहरा त्या काळजीला न्याय देतो. पण लवकरच सगळ्यांना सगळं पटतं. डॉक्टर येतात ते केवळ ‘आम्ही आलो होतो’ म्हणण्यापुरते. वेगवेगळ्या पंथांची माणसं एका खोलीत जमतात आणि जो तो आपापल्या परीने विधी करतो. कोणी नळाचं पाणी शिंपडून बघत नाही. नव्वदीच्या घरातल्या एलन बर्स्टिन पन्नास वर्षांनी ख्रिस मॅकनील म्हणून परत येतात, आणि लेखकांना त्यांच्यासाठी सुचतं काय, तर झपाटलेल्या मुलीने त्यांचे डोळे फोडायचे आणि उरलेला चित्रपट त्यांनी रुग्णालयातल्या पलंगावर पडून काढायचा. बर्स्टिन यांनी आपलं मानधन अभिनय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी घेतलं, हे त्यांनीच सांगितलं आहे. त्या पैशाचं चीज झालं. त्या पात्राचं झालं नाही, आणि मला त्याचा राग येतो. देव न मानणारी ती आई मूळ चित्रपटात आपल्या सगळ्यांच्या वतीने प्रश्न विचारत होती. तिला परत आणायचं तर तिच्या तोंडी पन्नास वर्षांचा विचार हवा होता.

सगळा दोष स्टुडिओच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. प्रेक्षक म्हणून आपणही यात आहोत. १९८२ साली ‘हॅलोवीन’चा तिसरा भाग आला, त्यात तो मुखवट्यातला खुनी, मायकेल मायर्स, नव्हताच. दरवर्षी हॅलोवीनच्या सणाच्या नावावर एक नवी गोष्ट सांगायची अशी निर्मात्यांची कल्पना होती. लोकांनी तो नाकारला, ‘आमचा खुनी कुठे?’ म्हणून ओरड केली. १९८८ मध्ये खुनी परत आला आणि पुढे तोच येत राहिला. २०२२ च्या ‘हॅलोवीन एंड्स’मध्ये बराच वेळ एका नव्या तरुणाला दिला, गावाने वाळीत टाकल्यावर माणूस कसा सडत जातो ते दाखवलं, त्यावरही चाहते भडकले. मला तो चित्रपट पूर्ण जमलेला वाटत नाही, पण २०१८ पासूनच्या त्या तीन भागांत काहीतरी शोधण्याची धडपड तेवढी तिथेच आहे. ओळखीचा चेहरा दिसला नाही की आपण तिकीट काढत नाही, आणि मग ओळखीचेच चेहरे का दाखवता म्हणून तक्रार करतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यापुढचा मुद्दा टाळता येणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्यानंतर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो अखेर झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत सगळ्यांत पहिली गोष्ट कोणती आहे? भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं. मूळ ‘द एक्झॉर्सिस्ट’च्या शेवटाकडे मुलगी पलंगाला बांधलेली असते. आपल्याकडे मांत्रिकाच्या हातून, देवऋषीच्या हातून पोरीबाळींचे जीव गेलेत. जर्मनीत १९७६ साली एका २३ वर्षांच्या विद्यार्थिनीवर महिनोन्‌महिने कॅथलिक विधी करण्यात आले, तिचं खाणंपिणं सुटलं आणि ती मेली. तिच्या आईवडिलांना आणि दोन पाद्र्यांना न्यायालयाने दोषी ठरवलं. मूळ चित्रपट येऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. त्या मृत्यूचं खापर मी चित्रपटावर फोडत नाही, पण पडद्यावरचा विधी आणि घरातला विधी यांत अंतर आहे असं मानून गप्पही बसता येत नाही.

तरी मी असा चित्रपट काढू नका म्हणणार नाही, कारण मूळ चित्रपट आधी डॉक्टर दाखवतो, पुन्हा डॉक्टर दाखवतो, आणि पाद्र्यालाही आधी डॉक्टर करतो. त्याचा शेवट श्रद्धेच्या बाजूने झुकतो, हे खरं. पण तिथवर पोहोचेपर्यंत तो माणसाच्या बुद्धीचा अपमान करत नाही. पुढच्या भागांनी आणि त्यांच्या शेकडो नकलांनी वेळ वाचवण्यासाठी डॉक्टर कापला. तो कापला की पडद्यावर उरतो तो निव्वळ देवऋषी, आणि प्रेक्षक घरी घेऊन जातो तो संदेशही तेवढाच. कथेला घाई झाली म्हणून भीतीही गेली आणि विवेकही.

उसनी घेतलेली गोष्ट आपली कशी करावी याचं एक उदाहरण आपल्याकडेच आहे आणि ते फारसं कोणी काढत नाही. १९८० चा ‘गहराई’. दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई यांचं, लेखनात विजय तेंडुलकर. झपाटलेली मुलगी पद्मिनी कोल्हापुरे, बाप डॉ. श्रीराम लागू. सांगाडा ‘द एक्झॉर्सिस्ट’चाच, हे उघड आहे. पण शहरातला हा बाप गावची जमीन कारखान्याला विकतो, ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारा राखणदार कोसळतो, आणि मग मुलीच्या तोंडून बापाच्या जुन्या पापाचा हिशेब बाहेर पडायला लागतो. इथे सैतान बाहेरून आलेला नाही. एकामागून एक येणारे मांत्रिक-तांत्रिक बघताना भुताइतकीच त्या माणसांचीही भीती वाटते. परकी कल्पना इथल्या मातीत, इथल्या जमीनमालकाच्या अपराधात रुजवली म्हणून ती जगली. हे काम कुठलाही हक्क विकत घेऊन होणारं नव्हतं, त्यासाठी तेंडुलकरच लागतात.

जपानी लोकांनी गॉडझिलाच्या बाबतीत हेच केलं. १९५४ चा पहिला चित्रपट हिरोशिमानंतर नऊ वर्षांनी, आणि बिकिनी बेटांवरच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीत जपानी मच्छीमार होरपळले त्याच वर्षी आला होता. पुढे कित्येक भागांत तो प्राणी मुलांचा लाडका झाला. २०२३ च्या ‘गॉडझिला मायनस वन’ने त्याला युद्ध नुकतंच हरलेल्या, होत्याचं नव्हतं झालेल्या जपानमध्ये नेऊन सोडला, आणि नायक निवडला तो आत्मघातकी हल्ल्यातून पळ काढलेला, त्या लाजेने पोखरलेला वैमानिक. दीड कोटी डॉलरहून कमी खर्चात झालेल्या या चित्रपटाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं. पण तो बघताना लक्षात राहतो तो राक्षस नाही, उद्ध्वस्त टोकियोतली एकमेकांना धरून राहिलेली तीन माणसं.

आपल्यालाही लवकरच हीच परीक्षा द्यायची आहे. ‘तुंबाड’ २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, आणि लगेच दुसऱ्या भागाची घोषणा झाली. मूळ दिग्दर्शक राही अनिल बर्वे त्यात नाहीत. कोकणातला तो संततधार पाऊस खरा मिळावा म्हणून ज्यांनी कित्येक पावसाळे थांबून चित्रीकरण केलं, त्यांच्यापाठी आता येणाऱ्यांनी हस्तर या शापित देवाचा देखावा मोठा करायच्या आधी हाव या विषयावर आपल्याला नवीन काय म्हणायचं आहे ते ठरवावं.

पुन्हा फ्लॅनगन यांच्याकडे येतो. मला त्यांच्याबद्दल आशा वाटते आणि धास्तीही. धास्ती ‘डॉक्टर स्लीप’मुळे. ‘द शायनिंग’चा हा २०१९ चा सिक्वेल दोन तृतीयांश फार चांगला आहे, दारूच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाचा, मरणाऱ्यांच्या उशाशी बसणाऱ्या माणसाचा. मग शेवटी ‘द शायनिंग’मधलं ते जुनं हॉटेल जसंच्या तसं उभं करतात, तोच गालिचा, तोच जिना, तेच दार, आणि एवढी चांगली चाललेली गोष्ट आठवणींच्या प्रदर्शनात हरवते. आशा ‘मिडनाइट मास’ या त्यांच्या २०२१ च्या मालिकेमुळे. एका बेटावरचा पाद्री, त्याला दिसलेला ‘देवदूत’ आणि त्याच्यामागे डोळे मिटून गेलेलं गाव. श्रद्धावान माणूस चांगल्या हेतूने केवढं भयंकर करून बसतो, हे इतक्या कळवळ्याने अलीकडे कोणी दाखवलेलं नाही. जो हे लिहू शकतो त्याला ‘द एक्झॉर्सिस्ट’ पेलेल.

आणि त्याच्यासाठी नवा प्रश्न तयारच आहे, गेली वीस वर्षं. १९७३ साली ख्रिस मॅकनील हतबल होऊन आपली पोरगी दोन पाद्र्यांच्या हवाली करते आणि खोलीचं दार लागतं. त्या काळच्या प्रेक्षकाला दारामागच्या सैतानाची भीती वाटली, पाद्र्यांची वाटली नाही. २००२ साली ‘बोस्टन ग्लोब’ने पाद्र्यांनी मुलांवर केलेले अत्याचार आणि चर्चने वर्षानुवर्षं घातलेलं पांघरूण उघडं केलं. त्यानंतर देशोदेशी हेच बाहेर येत राहिलं. आजची कुठली आई ते दार इतक्या सहज लावून घेईल? आजचा कुठला प्रामाणिक पाद्री आपल्याकडे बघणाऱ्या त्या आईच्या नजरेला नजर देऊ शकेल? ‘बिलीव्हर’ने अनेक पंथांची माणसं एकत्र आणून हा प्रश्न अलगद बाजूला सारला. नव्या चित्रपटाने तो घ्यावा. रीगनचं नाव नसलं तरी चालेल, ते ओळखीचं संगीत नसलं तरी चालेल, मूळ चित्रपटातल्या त्या प्रसिद्ध पायऱ्या नसल्या तरी चालेल. पण मुलीला आत सोडण्याआधी आईने त्या पाद्र्याला काय काय विचारलं, आणि त्याने काय उत्तर दिलं, ते मला त्यात पूर्ण ऐकायचं आहे.